कूलर गार हवा देत नाही? मोटर बदलण्याआधी हे क्रमाने करा

होळी आटोपली की नागपुरात माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. पुढचं सगळीकडे सारखंच. टब पुसायचा, विकत आणलेली घास (लाकडाच्या बारीक काड्या-तंतूंचा गठ्ठा) जाळीत कोंबायची, पाणी ओतायचं, बटण दाबायचं. पंखा फिरला म्हणजे काम झालं. आठ दिवसांत तक्रारी सुरू होतात: हवा दमट येते, वास येतो, रात्री अंग चिकचिकतं, कूलरच्या दाराला हात लागला की झिणझिण्या येतात. मग वायरमनला बोलावून मोटर बदलतात आणि हवा होती तशीच राहते.

बहुतेक वेळा बिघाड मोटरमध्ये नसतोच. काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. कूलरमध्ये पाणी सगळ्यात शेवटी जायला हवं. आपल्याकडे ते सगळ्यात आधी जातं.

आधी एवढं समजून घ्या

कूलर पाण्याच्या थंडपणाने हवा गार करत नाही. ताटीतून, म्हणजे बाजूच्या घास भरलेल्या ओल्या जाळीतून, जाणाऱ्या कोरड्या हवेत पाणी सुकतं आणि सुकताना लागणारी उष्णता ते त्याच हवेतून खेचून घेतं. एक लिटर पाणी सुकताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते. एक किलो बर्फ वितळताना ओढतो ३३४ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. टबात बर्फाची लादी टाकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पाच किलो बर्फाचं काम पाऊण लिटर पाणी सुकून होतं, आणि मध्यम कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला १० ते १५ लिटर पाणी सुकवतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम येतं म्हणून कूलर चालत नाही, ही तक्रारही याच कारणाने फारशी खरी नसते.

हवा किती गार होईल याला मर्यादा आहे. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. त्याखाली कोणताच कूलर जाऊ शकत नाही. चांगल्या ताटीचा कूलर ४४ आणि २३ यांच्यातलं तीन-चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे तोंडाशी २८-२९ अंशांची हवा मिळते. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की हीच मर्यादा २८ अंशांवर येते. मग तोच कूलर, तीच ताटी आणि फरक जेमतेम तीन अंशांचा.

यावरून तीन गरजा निघतात. आत येणारी हवा कोरडी हवी, ताटी सगळीकडे ओली हवी आणि खोलीतली दमट झालेली हवा बाहेर जायला वाट हवी. पुढचे टप्पे याच तीन गोष्टींसाठी आहेत. चौथा टप्पा मात्र जिवासाठी आहे.

तयारी

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करा. एप्रिलमध्ये वायरमन हाताला लागत नाही आणि घाईघाईत अर्थिंग राहून जातं. जवळ ठेवा: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपर, ताराचा ब्रश, जाड सुई, रेड ऑक्साइड, बिटुमिनचा काळा रंग, एम-सील, लिंबूसत्व, शिलाई मशीनचं तेल, बारीक तार, मल्टिमीटर आणि ५० अंशांपर्यंत दाखवणारा साधा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. ताट्या आणि नवा पंप आत्ताच आणू नका. पाचव्या-सहाव्या टप्प्यात मापं कळल्यावर आणा.

टप्पा १ : जागा आणि हवेची वाट

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

कूलर खिडकीच्या बाहेर, तोंड आत, अशी जागा सर्वांत उत्तम. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ती दमट हवा पुन्हा ओढतो. तासाभरात हवेची पाणी घ्यायची ताकद संपते आणि खोलीचं न्हाणीघर होतं. बाहेर ठेवणं शक्यच नसेल, तर उघड्या खिडकीला पाठ लावून ठेवा, म्हणजे मागून ताजी हवा येईल.

ताट्यांच्या तिन्ही बाजूंना भिंतीपासून निदान दीड फूट जागा सोडा. भिंतीला टेकलेली ताटी म्हणजे बंद ताटी. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा किंवा संडास-बाथरूमचा झरोका जवळ नको. कूलर जे ओढेल तेच खोलीत येईल. पश्चिमेचं ऊन पडत असेल तर वरून हिरवी जाळी किंवा पत्रा टाका, पण बाजू झाकू नका.

खिडकी आणि कूलरचं तोंड यांच्यातली फट थर्माकोल किंवा प्लायच्या तुकड्याने बंद करा. त्या फटीतून गार हवा बाहेर पळते आणि कूलरचं तोंड आत असूनही तो गल्ली गार करत राहतो.

आता हवा बाहेर जायची वाट. १८ इंची पंख्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस फूट असतं. खोलीतून हवा जायला निदान तेवढी, शक्यतो दुप्पट, उघडी जागा हवी, आणि तीही कूलरपासून लांबच्या टोकाला. शेजारचीच खिडकी उघडली तर हवा आल्या पावली परत जाते. ‘गारवा बाहेर जाईल’ म्हणून दारं-खिडक्या गच्च लावणं ही एसीची सवय आहे. कूलरला ती मारक ठरते.

याचा एक फायदाही होतो. हवा जिथे वाट मिळेल तिथे जाते, म्हणून ज्या खोलीत झोपायचं तिची खिडकी चार बोटं उघडायची आणि बाकीच्या बंद करायच्या. हॉलमधल्या एका कूलरने आतली खोली अशी गार करता येते.

*तपासा :* पंखा पूर्ण वेगाने लावून लांबच्या खिडकीशी उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. खोलीचं दार आपोआप धाडकन लागत असेल किंवा उघडताना जोर लागत असेल, तर वाट अपुरी आहे.

*सावधान :* एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. ६० लिटरचा टब भरला की लोखंडी स्टँडवर ६० किलो वाढतात. वरच्या मजल्यावर खिडकीच्या ग्रीलला लटकवलेला कूलर ग्रीलच्या भरवशावर ठेवू नका. खालून कोनाचा आधार भिंतीत बोल्टने पक्का केलेला हवा.

टप्पा २ : टब

रिकाम्या, कोरड्या टबात गेल्या वर्षीचा गाळ आणि पांढरी खपली असेल. ती ताराच्या ब्रशने काढा. पत्र्याचा टब असेल तर गंज पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, तो वाळल्यावर बिटुमिनचे दोन हात. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. ओल्या गंजावर मारलेला रंग महिनाभरात पापुद्र्याने सुटतो आणि तेच पापुद्रे पंपाच्या जाळीत अडकतात.

बारीक भोकं एम-सीलने बुजवा, पण आतून. बाहेरून लावलेला लेप पाण्याच्या दाबाने सुटतो.

*तपासा :* स्टँडवर ठेवल्यावर कूलर समपातळीत आहे का, ते अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहा. कूलर एका बाजूला कलला असेल तर वरच्या नळीतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि समोरची ताटी कोरडी राहते.

टप्पा ३ : पंखा आणि मोटर

प्लग काढलेला असताना पाती हाताने फिरवा. ती सैल फिरून हळूहळू थांबली पाहिजेत. खरखर आली तर बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. बुशच्या मोटरला शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. बंद बेअरिंगला तेल लागत नाही. पात्यांचं टोक गोल कडीपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवं. एखादं पातं वाकलं असेल तर पूर्ण वेगात कूलर थडथडतो आणि महिनाभरात बोल्ट ढिले होतात.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, हाताने ढकलल्यावर चालू होते, किंवा वेग गेल्या वर्षीपेक्षा कमी वाटतो, अशा वेळी आधी मोटरचा कंडेन्सर (कपॅसिटर) बदला. तो स्वस्त आहे आणि उष्णतेने दरवर्षी थोडा थोडा मरतो. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा जो आकडा छापलेला असतो तोच घ्या. ‘थोडा मोठा टाकू, जोरात फिरेल’ हा सल्ला ऐकलात तर मोटर गरम होऊन जळते.

*तपासा :* मोटर रिवाइंड करून आणली असेल तर ताटी बसवण्याच्या जागी, बाहेरून, वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो आत खेचला जाऊन जाळीला चिकटला पाहिजे. उलट उडाला तर मोटर उलटी फिरते आहे. चिकटतो पण ढिला राहतो, तर पातं उलटं बसवलं असण्याची शक्यता आहे.

टप्पा ४ : वायर, अर्थिंग आणि गळती

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि दरवर्षी गोष्ट तीच असते: ओली फरशी, अनवाणी पाय, चालू कूलर, हातात पाण्याची बादली किंवा पाइप. म्हणून इथे घाई नको. मल्टिमीटर हाताळता येत नसेल तर हा पूर्ण टप्पा परवानाधारक वायरमनकडून, स्वतः उभं राहून, करून घ्या.

१. प्लग तीन पिनचाच हवा, आणि त्यातली हिरवी वायर कूलरच्या लोखंडी अंगाला स्क्रूने घट्ट जोडलेली हवी. रंगावर लावलेला स्क्रू चालत नाही. जागा घासून लोखंड उघडं करा. प्लगची मोठी पिन आणि कूलरचं अंग यांच्यात मल्टिमीटरने एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे.

२. प्लगच्या उरलेल्या दोन पिना आणि कूलरचं अंग यांच्यात, सगळी बटणं चालू ठेवून, मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. जुनी मोटर असेल तर वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणातली गळती तपासायचं यंत्र) पाहायला सांगा. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती मोटर वापरू नका. साध्या मीटरच्या छोट्या बॅटरीला ओलसर वेटोळ्यातली गळती बहुधा दिसतच नाही.

३. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वेगळं तपासायचं. नागपूरच्या महाल, इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी निघतात. काही ठिकाणी अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून ‘काम भागवलेलं’ असतं. हे सर्वांत घातक, कारण न्यूट्रल कुठे तुटला की कूलरचं सगळं अंग २३० व्होल्टवर येतं. नळाच्या पाइपला जोडलेली अर्थही आता निरुपयोगी आहे. पाइप प्लास्टिकचे झाले आहेत.

४. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर स्वीकारू नका. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो; माणसाचा जीव ज्या प्रवाहाने जातो तो त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतका असू शकतो. तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो आणि फरक पडताच सेकंदाच्या एका अंशात लाइन तोडतो. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहा.

५. पंपाच्या वायरीला टबात जोड नको. टेप गुंडाळलेला असो की प्लास्टिकची नळी चढवलेली, नको म्हणजे नको. वायर आखूड पडत असेल तर सलग नवी टाका. कूलरमधून बाहेर येणाऱ्या वायरीला सॉकेटकडे चढण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. उंदरांनी कुरतडलेली जागा बोटांनी चाचपून पाहा. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही.

‘आमचा फायबरचा आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. मोटर, जाळी आणि स्टँड लोखंडाचेच असतात, आणि पंप गळका असेल तर प्लास्टिकच्या टबातलं पाणीच करंट धरून बसतं. हात घातल्याशिवाय ते कळत नाही.

*सावधान :* टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ काढू नका. अर्थिंग चांगलं असेल तर गळती असूनही टेस्टर पेटणार नाही. उद्या अर्थची वायर सुटली की तीच गळती तुमच्या हातातून जाईल.

टप्पा ५ : पंप आणि पाण्याची नळी

जुना पंप उघडा. खालची जाळी सरकवली की आत छोटं चाक दिसतं. ते बोटाने सहज फिरलं पाहिजे. पांढरी खपली बसली असेल तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून, फक्त पंपाचा खालचा भाग बुडेल असा तासभर ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.

*सावधान :* लिंबूसत्व किंवा कुठलंही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

नवा पंप घेताना लोक पाटीवरची ‘६ फूट’ उंची पाहतात आणि फसतात. त्या उंचीपर्यंत पाणी पोचतं, पण तिथून वाहत नाही. तुमच्या कूलरची नळी टबाच्या तळापासून साडेचार फुटांवर असेल तर ६ फुटी पंपाचं पाणी वर जाऊन मुतखड्याच्या रुग्णासारखं थेंब थेंब पडेल. दीडपट ते दुप्पट उंचीचा पंप घ्या.

वरच्या नळीची किंवा पन्हळीची भोकं एकेक करून सुईने मोकळी करा. सुई आत गेली की चुरचुर आवाज करत पांढरी भुकटी निघते. तीच गेल्या वर्षीच्या कोरड्या पट्ट्यांचं कारण. भोकं २ ते ३ मिलिमीटरची पुरतात. तीन बाजूंना जाणाऱ्या नळ्यांपैकी पंपाजवळच्या नळीत पाणी जास्त जातं. तिला क्लिप लावून थोडी आवळा.

*तपासा :* पंप प्लास्टिकच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. प्लग काढलेलाच असू द्या. मग चौथ्या टप्प्यातली मेगर-चाचणी पंपावर पुन्हा करा. कोरड्या पंपाची चाचणी काही सांगत नाही.

टप्पा ६ : ताट्या

तीन पर्याय आहेत. लाकडाच्या घासेला खर्च कमी, पण ती दरवर्षी बदलावी लागते. वाळ्याला सुगंध असतो, मात्र दाट बसवला तर हवा अडते. हनिकॉम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची ताटी, महाग पडतो, पण पाणी समान पसरवतो आणि नीट निगा राखली तर दोन-तीन उन्हाळे निघतात. बोरचं पाणी वापरणाऱ्यांनी हनिकॉम्बवर पैसे घालण्याआधी विचार करावा. क्षार बसले की त्याच्या बारीक नळ्या बुजतात आणि त्या साफ होत नाहीत. घास असली तर फेकून नवी टाकता येते.

घास बसवताना बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

१. घास आदल्या रात्री बादलीत भिजवा. सकाळी पिवळट पाणी फेकून द्या, पुन्हा एकदा भिजवून पिळा. असं केलं नाही तर तो पिवळा रंग आणि लाकडाचा वास आठवडाभर खोलीत येतो.

२. गठ्ठा तसाच जाळीत घालू नका. दोन्ही हातांनी उसवून मोकळा करा, आडवा-उभा पसरवा. जाडी सगळीकडे दीड ते दोन इंच. उजेडासमोर जाळी धरली की सगळीकडे सारखा अंधूक प्रकाश दिसला पाहिजे. कुठे लख्ख उजेड दिसला तर ते भोक आहे. कुठे पूर्ण काळोख असेल तर तिथे घास कोंबली आहे.

३. हवा सोपा रस्ता शोधते. ताटीत तळहाताएवढी रिकामी जागा राहिली तर गरम हवा तिथूनच आत येते आणि बाजूच्या गार हवेत मिसळते. कोपरे आणि वरची कड या दोन जागा हमखास रिकाम्या राहतात.

४. ओली घास वजनाने खाली बसते. म्हणून जाळीला मधूनमधून, वीतभर अंतरावर, बारीक तारेने टाचा. वरच्या कडेला थोडी जास्त घास दाबून ठेवा. दहा-बारा दिवसांनी वर पुन्हा फट पडेल. तेव्हा नवी घास भरायची. सगळी ताटी बदलायची गरज नाही.

जास्त घास म्हणजे जास्त गारवा, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. चार इंच जाड ताटीतून पंख्याला हवाच ओढता येत नाही. हवा गार लागते, पण इतकी थोडी की पलंगापर्यंत पोचत नाही.

टप्पा ७ : आता पाणी, आणि ओली चाचणी

प्लग काढून पाणी भरा. पंपावर निदान दोन इंच पाणी हवं. कोरडा चाललेला पंप लवकर जळतो. बॉल व्हॉल्व्ह असेल तर पाणी बाहेर सांडण्याच्या पातळीच्या एक इंच खाली थांबेल असा दांडा वाकवा. हात पुसून, कोरड्या चपला घालून प्लग लावा. फक्त पंप चालू करा. पंखा बंद.

दहा मिनिटांनी टॉर्च घेऊन तिन्ही ताट्या बाहेरून पाहा. ओली घास गडद चहाच्या रंगाची दिसते, कोरडी गवतासारखी फिकट. फिकट उभा पट्टा दिसला तर त्याच्या बरोबर वरचं भोक बुजलं आहे. फिकट भाग खालच्या कोपऱ्यात असेल तर घास तिथे दाट आहे. पूर्ण बाजू फिकट असेल तर कूलर कलला आहे किंवा त्या बाजूची नळी मोडली आहे. सगळं सारखं गडद होईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग पंखा लावा. आतून तुषार उडत असतील तर पाणी जास्त आहे. नळीची क्लिप आवळा.

*तपासा :* तीन आकडे घ्या. बाहेर सावलीतलं तापमान, त्याच जागी बल्बवर ओलं सुती फडकं गुंडाळून हवेत थर्मामीटर धरल्यावर येणारं तापमान, आणि कूलरच्या तोंडाशी येणारं तापमान. समजा ४४, २३ आणि २९ आले. हवा ४४ वरून २९ वर आली म्हणजे १५ अंश उतरली. शक्य होते २१. पंधराला एकविसाने भागलं की ७१ टक्के. ७० च्या वर असेल तर कूलरकडून आणखी मागण्यात अर्थ नाही. तरीही खोली गार होत नसेल तर पहिल्या टप्प्याकडे जा. ६० च्या खाली असेल तर दोष ताटीत किंवा नळीत आहे, मोटरमध्ये नाही.

टप्पा ८ : रोजचा आणि आठवड्याचा क्रम

चालू करताना आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. बंद करताना उलट: आधी पंप, मग पंखा वीस मिनिटं चालू ठेवायचा म्हणजे ताट्या वाळतात. ओल्या ताटीसकट बंद केलेल्या कूलरमध्ये बुरशी धरते, आणि दुसऱ्या दिवशी येणारा कुबट वास तोच. अत्तर, कापूर टाकून तो जात नाही.

पाणी भरताना दर वेळी प्लग काढायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद असतानाही आत फेज असतो. महावितरणही दर उन्हाळ्यात हेच सांगतं. लहान मुलांना पाणी भरायला पाठवू नका.

पाणी सुकतं तेव्हा क्षार मागे राहतात. रोज नुसती भर घालत गेलात तर पंधरा दिवसांत टबातलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट होतं आणि ताटीवर पांढरा थर चढतो. म्हणून दर तीन दिवसांनी निम्मं पाणी सोडा, बोरचं असेल तर एक दिवसाआड.

आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून आतून घासा. घासणं महत्त्वाचं. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत टबाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. नुसतं पाणी फेकलं तर ती तशीच राहतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत. महापालिकेची माणसं कूलरचा टब आधी का पाहतात, ते यावरून कळेल.

तक्रारीवरून दोष शोधताना

हवा गार आहे पण अंग चिकचिकतं: बाहेर जायची वाट कमी आहे, खिडकी आणखी उघडा. हवा जोरात आहे पण गरम: ताटीत फट किंवा कोरडा पट्टा. गार आहे पण जोर नाही: घास दाट, क्षार बसलेले किंवा कंडेन्सर मेलेला. दुपारी ठीक, पहाटे दमट: पहाटे आर्द्रता वाढते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा ठेवा. आरसीसीबी सारखा पडतो: त्याला शिव्या देऊन तो काढून टाकू नका. पंपाची बटण-वायर सोडवून पाहा. पडणं थांबलं तर पंप फेका.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हवा नुसती भाजत असेल आणि कूलर पुरा पडत नसेल, तर बहुधा वरचा स्लॅब तापलेला असतो. गच्चीवर चुना मारल्याने जो फरक पडतो तो दुसरा कूलर आणून पडणार नाही.

पाऊस लागल्यावर

मृगाच्या सरी स्थिरावल्या की पंप बंद करा. त्यानंतर पाणी फक्त डासांच्या कामाचं. घास काढून टाका, टब उन्हात वाळवा, पंप पुसून कोरड्या पिशवीत ठेवा आणि मोटरीवर प्लास्टिक गच्च बांधू नका, आत दमट हवा कोंडते; सुती कापड टाका. शेवटी कूलरच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने तीन गोष्टी लिहा: कंडेन्सरचा आकडा, पंपाची उंची आणि तिन्ही ताट्यांची मापं. पुढच्या मार्चमध्ये दुकानात उभं राहून अंदाज बांधावे लागणार नाहीत.